पाण्याची बंडी

रिठदच्या आमच्या घरात त्या उन्हाळ्यात पाणी माणशी तांब्याच्या मापानं मिळायचं. सत्तरच्या दशकातला तो दुष्काळ. बाबा आणि माय रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायचे, मोठा भाऊ सुखदेव तिथंच मुरूम वाहायचा, आणि मी वाशीमच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो, आजही सांगतो. दीड महिन्यापूर्वी पुतण्याचा फोन आला, "काका, बाबा गेले." सुखदेवदादा गेला... आणि मला त्याचा चेहरा आठवायच्या आधी एक बादली आठवली.

दादा पळायचा. काहून पळतो म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचा, "एस्टीची वाट पाहून पाय दुखतेत." मुरूम वाहून आला की भाकर खायचा आणि वाशीमच्या रस्त्याला लागायचा. अख्ख्या गावाला त्याचं कौतुक. मी काखेत पुस्तकं धरून एस्टीतून उतरायचो तर पारावरची माणसं मला विचारायची, "काय रे वसंता, दादा किती दूर गेलता आज?" मी काय शिकून राह्यलो, हे एकानंही कधी विचारलं नाही. मला राग यायचा. खोटं कशाला लिहू, राग नव्हता तो, जळायचो मी.

त्या मे महिन्यात तालुक्याची लांब पल्ल्याची शर्यत ठरली. रिठदहून वाशीम आणि परत. पहिला येईल त्याचं नाव पोलिसांच्या धावपटूंत घ्यायला पाठवणार होते. म्हणजे नोकरी. वाटेतल्या विहिरी आटलेल्या, तेव्हा ज्यानं त्यानं आपलं पाणी आपण न्यायचं, असं आधीच सांगितलेलं. बाकीच्यांचे भाऊ तांब्या घेऊन सायकलवर सोबत जाणार होते. आमच्याकडे भाऊ होता, सायकल नव्हती. मग मायनं डोकं लढवलं. एका ट्रकवाल्याची फाटकी छागल होती, गाडीला बाहेरून टांगतात ती कॅनव्हासची पाण्याची पिशवी. ती मागून आणून मायनं तिच्या दोन लहान पिशव्या केल्या आणि बाबांच्या जुन्या बंडीला पाठीवर दाभणानं शिवल्या. शिवणीला मेण चोळलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सलाईनची नळी दिली, ती खांद्यावरून पुढं घेतली. पळता पळता नळी तोंडात धरायची आणि ओढायचं. "हे पाय बाप्पा, हा तं उंटच झाला!" म्हणत माय हसली. इतकी हसलेली माय मी त्या वर्षात पाहिली नव्हती. माझ्या फाटक्या सदऱ्याला मात्र ती "घाल ना तसाच, मास्तर काय सदरा पायते का?" म्हणाली होती.

छागल वापरणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. कोरडं कॅनव्हास गळतं. दोन दिवस पाण्यात मुरलं, सूत फुगलं, की मग ते पाणी धरतं. म्हणून शर्यतीच्या दोन दिवस आधी मायनं कुठून कुठून जमवून एक बादली भरली आणि बंडी तीत बुडवली. शर्यतीच्या आदल्या सकाळी मला बजावलं, "वसंता, आमी कामावर चाललो. बंडी पान्याबाहेर निंगू देऊ नोको." शर्यतीच्याच दिवशी माझा पेपर होता. अकरा दिवस मी आंघोळ केली नव्हती. वर्गातली वकील-डॉक्टरांची पोरं माझ्यापासून बाक सोडून बसायची, आणि इथं एका बंडीला अख्खी बादली! दुपारी मी बंडी काढून टिनाच्या छपरावर टाकली आणि त्या बादलीनं डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून न्हालो. फार बरं वाटलं. ऊन असं होतं, की तासाभरात बंडी पापडासारखी झाली. संध्याकाळी ती घडी करून बादलीत ठेवली, वरून तांब्याभर पाणी शिंपडलं.

सकाळी दादानं बंडी भरली, अंगात घातली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेला. मी पेपराला गेलो. परतलो तेव्हा दादा ओसरीत आडवा होता. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. चौथा आला होता. माय विचारत होती, "पानी पुरलं का रे?" तो म्हणाला, "पुरलं ना माय. पाय कमी पडले."

बादलीचं मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशीही आणि नंतरही... सांगायचं, सांगायचं म्हणता जन्म गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात माणूस मावत नव्हतं. माझ्यासाठी एवढी येतील का, हा हिशोब मी तिथंही केलाच. सगळे गेल्यावर वहिनीला एकदाचं सांगून टाकलं. ती म्हणाली, "भाऊजी, त्यायले माहीतच होतं. भरली तवाच टपकून राह्यली होती. अन् घरात दुसरं कोनी न्हायलं नोतं, तुमच्याच डोक्याले साबनाचा वास येत होता म्हने. लगन झाल्यावर हासत हासत सांगतलं मले."

"मग गळती बंडी काहून घातली?"

"मायनं विचारलं असतं ना, काहून नाही घातली म्हनून."

कबूल करून मोकळं व्हायचं, एवढं एकच मोठेपण माझ्यासाठी उरलं होतं. तेही दादानं केव्हाच नेलेलं. आणि मग आठवलं, पुढच्या उन्हाळ्यातही शर्यत ठरली, तेव्हा माय घरात असताना, तिच्याकडे न देता त्यानं बंडी माझ्या हातात दिली होती. "वसंता, हे तुयं काम." मला वाटलं होतं, याला काही कळलेलं नाही. सगळं कळून ज्यानं मला हे काम दिलं, त्याच्यासारखा मी असतो तर... मी नव्हतो. त्याच्या जागी मी असतो तर मायला सांगितलं असतं, पारावरही सांगितलं असतं.

त्या वर्षी बंडी मी तीन दिवस भिजत ठेवली. दादा पहिला आला.