भिंतीवरची अर्धी खूण

त्या गर्डरांचं प्रकरण आठवलं की माझं डोकं आजही तापतं, आणि थोड्या वेळानं आपोआप थंडही होतं. नावं कोणाचीच घेणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तेव्हा मी रायपूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत तिथवर पोचलो. माझ्या वरचे साहेब मात्र थेट अधिकारी म्हणून आलेले, वयानं माझ्या धाकट्या भावासारखे. प्रकरण लवकर निकालात निघालेलं त्यांना आवडे.

एका सकाळी हजेरी चालू असताना एका राईस मिलचे मालक तक्रार घेऊन आले. जुन्या मिलचा ते लग्नाचा हॉल करत होते. भिंती तशाच ठेवायच्या, छत नवं घालायचं आणि जुने लोखंडी गर्डर काढून आतल्या माळ्याला पुन्हा वापरायचे, असा त्यांचा बेत होता. मध्यंतरी ते उपचारासाठी बाहेरगावी गेले. परत येऊन पाहतात तर गर्डर गायब. सोबत साइटचा सुपरवायझर होता. "साहब, हम तो लुट गए, बरबाद हो गए!" तो कपाळ बडवत होता. मालकापेक्षा नोकर मोठ्यानं रडायला लागला की मी सावध होतो. ही सवय मला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये लागलेली नाही.

गुन्हा दाखल केला, रोजनामच्यात नोंद झाली. दुपारी ठाण्यात फोन आला. "गर्डर चाहिए तो रिंग रोडवाली दीदी के यार्ड में जाओ. काली ताडपत्री के नीचे पड़े हैं." नाव विचारायच्या आत फोन बंद.

माल ओळखायला सुपरवायझरला सोबत घेऊन गेलो. यार्ड म्हणजे पाडलेल्या घरांचा बाजारच होता. दारं, खिडक्या, फरशा, कौलं, सगळं ओळीनं लावलेलं. शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बाया विटांवरचा जुना चुना झाडत बसल्या होत्या. गर्डर काळ्या ताडपत्रीखालीच निघाले, पण अगदी रस्त्याच्या कडेला. चोरीचं लोखंड असतं तर ते त्याच दिवशी सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्टीत वितळलं असतं. इथं ते अख्खं, टोकं तेवढी सोडून घासून, रेड ऑक्साइड लावून गिऱ्हाइकाची वाट पाहत होतं.

यार्डची मालकीण गोंदियाकडची, नवऱ्यामागं धंदा एकटीनं उभा केलेली. मी मराठी बोलतो म्हटल्यावर तिनं हिंदी सोडली.

"साहेब, माल म्या घेतला. चोरला नाही."

"कोणाकडून?"

"तुमच्या मागं उभा हाये ना, त्याच्याकडूनच!"

सुपरवायझर उसळला. "मैं इस औरत को पहचानता तक नहीं!"

"पहचानत नाही? दोन डाव माया यार्डात चहा ढोसून गेला, वरून म्हणे शक्कर कम है दीदी!"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं, पण वर्दीत होतो.

"पावती आहे?" मी विचारलं.

"मलब्याच्या धंद्यात पावती कोण देते जी?"

गर्डर जप्त केले, पंचनामा केला. तेवढ्यात साहेबांचा फोन. "माल मिळाला, आरोपी मिळाली. आज अटक दाखवा, यार्ड सील करा." माझा आवाज चढला, शेजारचा हवालदार दोन पावलं मागं सरला. पण वरिष्ठांशी भांडून मिळत नाही ते घासाघीस करून मिळतं, हे मी नोकरीत लवकर शिकलो होतो. तीन दिवस मागितले, एक मिळाला. मला एकच पाहिजे होता.

बाईला ठाण्यात बसवलं. आतापर्यंत कडक बोलणारी ती आता हळू आवाजात म्हणाली, "साहेब, जेल भोगून माणूस भायेर येते. पण यार्डले एक डाव सील लागलं का लोक म्हणतील, इथं चोरीचा माल भेटते. मंग माया दारची चौकट कोण नेईल आपल्या घराले?"

हे खरं होतं. जुना माल विकणाऱ्याकडं नावाशिवाय दुसरं भांडवल नसतं. माझं घर बांधताना मीही जुनी सागवानी दारं घेतली होती, एकेका दारासाठी दुपार दुपार भाव करत बसलो होतो. तेव्हा एक गोष्ट पाहिली होती. सौदा ठरला की घेणारा लगेच गेरूनं आपली खूण करतो, म्हणजे दुसरा कोणी माल उचलत नाही. जप्त केलेल्या गर्डरांच्या टोकांना गेरूचे फराटे मी पाहिले होते. पण ते तर यार्डात आणूनही ओढता येतात.

"खूण कधी केली?"

"सौदा झाला तवाच. गर्डर भिंतीतच होते."

"फक्त गर्डरवर?"

मला वेड्यात काढल्यासारखी ती माझ्याकडं पाहायला लागली. "अर्धी मालावर, अर्धी भिंतीवर. अशीच करतात ना. काढताना कोणी दुसराच गर्डर काढून ठेवला तर?"

मी टोपी उचलली.

मिलमध्ये मालकाला आणि सुपरवायझरला सोबत घेतलं. गर्डर काढल्यावर राहिलेली भोकं सिमेंटनं बुजवली होती. बाकी भिंत काळपट, जुनी. फक्त त्या भोकांभोवती तेवढाच चुना फासलेला, आणि त्यातून गुलाबी डाग फुटलेले. मी जीपच्या किल्लीनं खरवडलं. खालून गेरूचा फराटा निघाला, गर्डरवरच्या फराट्याचा दुसरा अर्धा. म्हणजे गर्डर भिंतीत असतानाच सौदा झाला होता.

"पूरी दीवार छोड़कर इतना-सा ही क्यों पोता?" मी विचारलं.

सुपरवायझरनं वाकून मालकांचे पाय धरले. मग सगळं सांगितलं. मालक परत यायच्या आत त्यानं सौदा केला होता, आणि मालक लवकर आल्यावर घाबरून चोरीची बोंब ठोकली होती. बाईवर आळ जावा म्हणून ठाण्यात आलेला तो फोनही त्याचाच. ताडपत्रीचा रंग त्याला ठाऊक होता, कारण माल उतरवताना तो तिथं उभा होता.

अटक झाली, पण ती त्याची. यार्डला सील लागलं नाही. प्रेसनोटमध्ये छापून आलं, "वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली." प्रशस्तिपत्रही साहेबांकडंच गेलं. ते मला अजूनही खुपतं, खोटं कशाला बोलू?

पण त्याच आठवड्यात एक गोष्ट पाहिली. गर्डर कोर्टाच्या हुकमानं परत मिळेपर्यंत मालकांना थांबायचं होतं. तोवर मालक जबाबाच्या सहीसाठी ठाण्यात आले, बाईही आली. मालक अवघडून म्हणाले, "दीदी, हॉलच्या फरशीला जुनी वीट हवी आहे. आणि उरलेला मलबाही तुम्हीच उचला." तिनं भाव सांगितला. मालकांचा चेहरा पडला. त्यांनी आशेनं माझ्याकडं पाहिलं.

"मी सरकारी माणूस," मी म्हणालो, "यात पडत नाही."

बाईनं भाव सोडला नाही. मालकांनी मान्य केला. मी घेणारा असतो तर एखादा रुपया तरी कमी करून घेतला असता.

आता कधी तरुण पोलीस अधिकारी सल्ला विचारायला घरी येतात. मी एवढंच सांगतो. समोरच्याला "तू केलंस का?" हे शेवटी विचारा. आधी विचारा, "तुझं काम कसं चालतं?" पहिल्या प्रश्नाला सगळेच नाही म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाला खरा माणूस थांबवूनही थांबत नाही, आणि खोट्याला पाणी प्यावंसं वाटतं.