दोन चुलींचा नकाशा

बोरी गावात भुजंगरावाला नावं ठेवणारे पुष्कळ होते, पण त्याच्यावर राग धरणारा एकही नव्हता. नावं ठेवायची ती त्याच्या कागदाच्या वेडापायी. तोंडी बोलण्यावर या बाबाचा काडीचा विश्वास नसायचा, आणि एखादी गोष्ट कागदावर दिसली की मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. बरं, स्वतःला अक्षर ओळखायला येत होतं म्हणावं तर तेही नाही! एकदा परभणीच्या बाजारात बाटलीवर बैलाचं चित्र बघितलं आणि माणसाच्या खोकल्याचं औषध घरच्या बैलाला पाजून मोकळा झाला. बैल धडधाकट राहिला म्हणून निभावलं.

पण माणूस मायाळू, लय मायाळू. मानमोडीच्या साथीत आई-बाप पाठोपाठ गेले तेव्हा भुजंगला नुकती कुठं मिसरूड फुटत होती, आणि धाकटा चंद्रभान धड बोलतही नव्हता. त्या लेकराला पाठीशी बांधून भुजंगरावानं औत हाणलं. शेजारची धुरपताबाई म्हणायची, "दे की रं माझ्याकडं, चार घास भरवते." तर हा म्हणायचा, "माझ्याबिगर जेवत न्हाई त्यो." खरं तर सगळं उलटं होतं. चंद्रभान कुणाच्याही हातून मुकाट जेवायचा. भुजंगरावालाच त्याच्याबिगर घास उतरायचा नाही.

पुढं दोघांची लग्नं झाली. थोरल्याची मनकर्णा, धाकट्याची कोकिळा. दोघी जावा एकमेकींच्या डोक्यात तेल घालायच्या, भांडायच्या तेही वेणी घालता घालता. अडचण होती ती घराची. जुन्या घराचे खण तीन, त्यात दोन संसार. चंद्रभान आणि कोकिळा ज्वारीच्या कणगीआड निजायची. पावसाळ्यात माळवद गळायला लागलं की सगळी मिळून पातेली मांडत फिरायची.

भुजंगरावाच्या मनात एकच धास्ती बसली होती. गावात ज्या ज्या घरी जागा कमी पडली, त्या त्या घरी भाऊ वेगळे निघाले होते. बायकांची तोंडं फुगायची, मग चूल वेगळी, मग बांध वेगळा, मग बोलणंच बंद. "आपल्यात तसलं होऊ द्यायचं न्हाई," तो मनकर्णेला म्हणाला. "मोठं घर बांधतो. जागा भरपूर आसली की कुणाला वेगळं निघायची गरजच न्हाई." घर बांधायचं ते एवढ्याचसाठी होतं.

आता घर कसं बांधावं, हे बोरीत कुणी कुणाला विचारत नसे. गवंडी यायचा, जागेवर हातानं माप घ्यायचा, खण मोजायचा आणि कामाला लागायचा. पण भुजंगराव त्याच सुमारास मेव्हण्याकडं पूर्णेला गेला आणि सगळा घोटाळा तिथं झाला. मेव्हणा बन्सीधर, म्हणजे मनकर्णेचा धाकटा भाऊ, रेल्वेत साहेबाच्या कचेरीत शिपाई होता. स्टेशनाच्या अंगाला रेल्वेची नवी घरं उठत होती. लालबुंद विटा, ओळंब्यात भिंती, पुढं लांबलचक ओसरी. भुजंगराव बघतच राहिला.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं रं?"

"डोक्यातून कुठलं, दाजी! नकाशा आसतो. एकच नकाशा, त्याच्यावरून सगळी घरं."

झालं! कागद! भुजंगराव त्या मेव्हण्याच्या मागं असा लागला की बन्सीधरानं शेवटी कचेरीत रद्दीत टाकलेला एक निळा नकाशा आणून दिला. गाडी सुटायच्या घाईत त्यानं नकाशाच्या एका अंगावर बोट ठेवून दाखवलं: ही ओसरी, ही खोली, हे चूलघर, ही मोरी. शिट्टी झाली आणि भुजंगराव नकाशा छातीशी धरून डब्यात चढला. वाटेत त्यानं तो कितीदा उघडून बघितला असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

गावात नकाशा बघायला ही गर्दी! निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, मधोमध एक जाड रेघ. तिच्या डाव्या अंगाला ओसरी, खोली, चूलघर, मोरी, आणि उजव्या अंगाला पुन्हा तंतोतंत तेच. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. पटवाऱ्याला उर्दू यायची, मोडी यायची, पण इंग्रजीच्या नावानं त्याचीही बोंबच. सुग्रीव गवंडी डोकं खाजवत म्हणाला, "भुजंगराव, मधल्या भिंतीला दार न्हाई. आन् चुली दोन दिसायल्यात."

"मग?"

"मग काही न्हाई. इचारलं."

"सायबाचा नकाशा हाय त्यो! रोजचं रांधायला एक चूल, सणावाराला दुसरी. आपल्या बाया सणाला धुरात मरत्यात, ते सायबाला कळतंय, तुला कळंना व्हय? कागदात हाय तसं बांध. इकडची रेघ तिकडं हलवायची न्हाई."

सुग्रीवानं बांधलं बुवा! दार नाही तर नाही.

तो नकाशा भुजंगरावानं सगळ्यात आधी चंद्रभानाला दाखवला होता. मोठ्या हौसेनं अंगणात अंथरला, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि म्हणाला, "बघ, आसं घर बांधायचं. ठीक हाय ना?" चंद्रभानानं बघितलं. मधली जाड रेघ बघितली, दोन्हीकडच्या चुली बघितल्या. त्याचा चेहरा पडला, पण दादापुढं मान वर करून बोलायची त्याला सवयच नव्हती. "तुमी म्हणाल तसं, दादा," एवढंच म्हणून तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

भिंती कमरेएवढ्या झाल्या तशी विहिरीवर कुजबुज सुरू झाली. धुरपताबाई तर तोंडावरच म्हणाली, "मनकर्णे, शहाणा गं तुझा नवरा. भांडण व्हायच्या आधीच वाटणी करून ठेवली." मनकर्णा कळशी तशीच टाकून घरी आली. घरात कोकिळा भाकरी थापत होती आणि डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपत होती. "धूर लय झालाय, जाऊबाई," ती म्हणाली. चुलीला तेव्हा धूर नव्हता.

मनकर्णेनं त्याच सांजेला नवऱ्याला गाठलं. "आवं, लोक म्हणायलेत तुमी भावाला वेगळं काढायलाव. कोकिळा रडायलीय. त्या भिंतीचं काय ते बघा."

भुजंगराव आधी भडकला. मग हळूच म्हणाला, "मला त्याला वेगळं काढायचं आसतं तर घर बांधलं आसतं का? पण त्यो कामून बोलला न्हाई? मी नकाशा दावला, त्यो म्हणला, तुमी म्हणाल तसं. दोन चुली बघून बी काही बोलला न्हाई. म्हंजे... त्यालाच पायजे आसंल, मनकर्णे."

"काहीतरीच तुमचं."

"आता बायको हाय, उद्या लेकरं व्हतील. मनात येत आसंल त्याच्या. आपुन आडवं कामून यायचं?" हे म्हणताना त्याचा आवाज असा झाला होता की मनकर्णेला पुढं बोलवेना.

बघा कसं झालं! थोरल्याला वाटतंय धाकट्याला वेगळं व्हायचंय, धाकट्याला वाटतंय थोरल्यानं आपल्याला वेगळं काढलं. दोघंही एकमेकांचं मन राखायला गप्प, आणि भिंत आपली वर चढायलीय. कुणीतरी दोघांच्याही कानाखाली एकेक ठेवून द्यायला पाहिजे होती. पण तेवढा मान असलेलं म्हातारं माणूस त्या घरात उरलंच नव्हतं.

भुजंगरावाचा पाय मग बांधकामावर पडेनासा झाला. ज्या घराच्या विटा तो रात्री उठून मोजायचा, त्याला माळवद चढलं त्या दिवशी तो वावरातच बसून राहिला. सुग्रीव विचारायला गेला तर म्हणाला, "कर तुझ्या मनानं." कागदाचं वेड असलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून सुग्रीवालाच काळजी वाटली.

वास्तूचा दिवस आला. दारांना आंब्याची पानं, अंगणात सडा, पाहुण्यांचं येणं-जाणं. होम झाला, नारळ फुटला. शेवटी राहिलं ते नव्या घरातलं पहिलं दूध उतू घालवायचं. गुरुजी पातेलं हातात घेऊन उभे राहिले आणि इकडं तिकडं बघत म्हणाले, "यजमान, चूल कोणती धरायची?"

सगळ्या गावाच्या नजरा यजमानाकडं वळल्या. भुजंगराव खाली मान घालून बसला होता. तेव्हा चंद्रभान पुढं झाला. जन्मात पहिल्यांदा दादाच्या आधी बोलला. "दोन पातेली करा, महाराज. वैनीचं त्या बाजूला, आमचं ह्या बाजूला."

कोकिळेनं पदर तोंडात धरला. भुजंगरावाच्या हातातल्या अक्षता खाली सांडल्या.

आणि नेमका त्याच वेळी, पूर्णेहून रेल्वेनं परभणीला उतरून पुढं बैलगाडीनं आलेला बन्सीधर दारात उभा राहिला. घर बघून तो खूश! ह्या ओसरीवरून त्या ओसरीवर गेला, आत डोकावला, बाहेर आला आणि मोठ्यांदा म्हणाला, "झकास बांधलं, दाजी! पण पलीकडं कुणाचं बिऱ्हाड ठेवायलाव?"

"कुणाचं बिऱ्हाड?" भुजंगराव म्हणाला. "तुझ्याच नकाशावरून बांधलं की."

बन्सीधर पोट धरून हसायला लागला. "आवं दाजी! त्या नकाशात दोन कोटर हायती, दोन येगळी घरं! रेल्वे जोडीनं बांधती. निम्मं एका फिटरचं, निम्मं दुसऱ्याचं. एकमेकाचं तोंड बघू नये म्हणून मधी भिंत. मला वाटलं, तुमी त्याच्यातलं एकच बांधताल!"

अंगणात हशा पिकला. सुग्रीव गवंडी तर कपाळावर हात मारून खालीच बसला. हसले नाहीत ते दोघं भाऊ. भुजंगराव उठला, चंद्रभानासमोर जाऊन उभा राहिला.

"तुला वेगळं व्हायचं न्हवतं?"

"कधीच न्हवतं," चंद्रभान म्हणाला.

"मग बोलला कामून न्हाईस रं? मी तुझ्यापुढं अंथरला न्हवता का नकाशा? इचारलं न्हवतं का?"

"इचारलं की." चंद्रभान म्हणाला. "पण मला वाटलं, दादाला तोंडानं सांगवंना, म्हणून कागदावर काढून आणलंय."

भुजंगराव, एवढा बाप्या, भरल्या अंगणात, पाहुण्यारावळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडला. "येड्या," तो म्हणत होता, "येड्या रे! आरं, तुला काडीन मी? तुला?" कुणी त्याला गप्प करायला गेलं नाही.

शहाणपणा केला तो मनकर्णेनं. गुरुजींच्या हातातलं पातेलं घेतलं, कोकिळेच्या दंडाला धरून तिला ओढत उजवीकडच्या चुलीपाशी नेलं आणि म्हणाली, "पेटव. आपली हीच. तिकडच्या चुलीत उद्या शेण भरते मी." कोकिळेनं रडत रडत, नाक पुसत पुसत चूल पेटवली. दूध उतू गेलं तेव्हा बाया ओरडल्या, पण भावांचं तिकडं लक्षच नव्हतं. चंद्रभानानं पहार आणली होती.

"थांबा! माळवद खाली येईल!" सुग्रीव धावला. "त्या भिंतीवर तुळई हाय!" मग त्यानं तुळईखाली टेकू लावले, कोळशानं दाराएवढी खूण करून दिली, आणि दोघा भावांनी अंगावरच्या नव्या कपड्यांनिशी भिंत फोडायला घेतली. एक ह्या बाजूनं, एक त्या बाजूनं. पाहुणे जेवून पान खाऊन गेले तरी धूळ उडतच होती. भोक पडलं ते वेडंवाकडंच पडलं, वर रुंद, खाली निमुळतं. सुग्रीवानं त्याच्या वर एक जाड लाकूड बसवून दिलं आणि टेकू काढून घेतले.

चंद्रभानानं मातीनं भरलेलं तोंड पुसलं आणि विचारलं, "सुताराला सांगू का, दादा? चांगली चौकट बसवून घेऊ."

भुजंगराव त्या भोकातून अलीकडं आला, परत पलीकडं गेला.

"नको," तो म्हणाला. "चौकट आली की दार येतंय. दार आलं की कडी येती. राहू दे आसंच."