सासऱ्यांची तापणारी गाडी

माझ्या सासऱ्यांइतका शूर माणूस बेलापूरच्या खाडीकाठी दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका स्वतःच्या मोटारीला भिणारा माणूस तर अख्ख्या मुंबई इलाख्यात झाला नसेल. उधाणाचं पाणी बांध फोडून मिठागरात घुसायला लागलं की हा गृहस्थ छातीभर पाण्यात उभा राहून चिखलाने भगदाड बुजवायचा. पायाशी विषारी फुरसं आलं तर काठीने हळूच बाजूला सारून "जा बाबा, तुजी वाट तिकरं" असं त्याला समजावायचा. पण गाडीच्या बॉनेटखालून 'सुंऽऽ' असा बारीकसा सूर निघाला, की याच माणसाच्या कपाळावर घाम फुटायचा.

ही गाडी त्यांनी एका म्हाताऱ्या बंगलेवाल्याकडून घेतली होती. विलायती होती, काळी होती, आणि तिचं वय विचारायची सोय नव्हती. तेव्हा नवी मुंबई हे नाव कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. बेलापूरकडून पनवेलला जायचं तर एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, मधे मिठागरांचे पांढरे ढीग आणि त्यातून वळत जाणारा धुळीचा रस्ता. त्या रस्त्यावर ही गाडी दोन-तीन मैल शहाण्यासारखी चालायची आणि मग तापायची. थंडीत तापायची, पावसात तापायची, उतारावरसुद्धा तापायची. सासऱ्यांचा ठाम समज होता की तापलेलं इंजिन बॉम्बसारखं फुटतं. त्यामुळे वाफेची पहिली रेघ दिसताच ते गाडी थांबवून "उतरा! बांदामागं पला!" अशी आरोळी ठोकायचे आणि आतल्या सगळ्या माणसांना जवळच्या बांधाआड पालथं झोपायला लावायचे. माझ्या लग्नात वऱ्हाडाची पहिली खेप याच गाडीतून आली. आमचे भटजी कोऱ्या सोवळ्यानिशी चिखलात पालथे पडले होते आणि शेजारी पडलेले सासरे त्यांच्या कानात सांगत होते, "भटजी, डोकं वर करू नका. तापली का ती कोनाची नाय!"

इंजिन तापलं की नाही हे दाखवणारा काटा समोरच होता. पण तो चढताना बघून त्यांचाच जीव वर-खाली व्हायचा, म्हणून त्यांनी त्यावर सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा चिकटवला होता. मग न राहवून दर दोन मिनिटांनी तो उचलून ते एका डोळ्याने बघायचे. तापण्याची कारणं शोधण्यात मात्र त्यांनी कसूर केली नाही. पंख्याचा पट्टा बदलला. ऑइल बदललं. नारळी पुनवेला खाडीत नारळ सोडून परत येताना दुसरा नारळ रेडिएटरसमोर फोडला. पनवेलच्या मेस्त्रीने पंप उघडून पुन्हा बसवला आणि हात जोडले. "रेडिएटर बघू का?" असं तो बिचारा म्हणाला होता, पण त्या झाकणाला हात लावायची कोणालाच परवानगी नव्हती. रोज पहाटे गाडी गार असताना सासरे एकटेच तिच्यात पाणी भरायचे, आणि त्या वेळी घरातलं कुणी आसपास फिरकलेलं त्यांना खपत नसे.

मी पनवेलला शाळामास्तर होतो. दवाखाना माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण पहिलं बाळंतपण माहेरी झालं पाहिजे, म्हणून माझी बायको दवाखान्यापासून उचलून थेट मिठागरात नेऊन ठेवलेली. वैशाखातल्या एका दुपारी मी तिला भेटायला गेलो, तर ती कळा देत होती आणि सुईण बाहेर येऊन सांगत होती, "पोर पोटात आरवं हाय. माज्या हातचं काम नाय. पनवेल गाठा."

सासरे एकदम पांढरेफटक पडले. त्यांनी हँडल मारून गाडी सुरू केली. मागे सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून बायको, त्यांच्या पायांमध्ये गोड्या पाण्याचा हंडा, पुढे मी. सासरे डोळे फाडून रस्त्याकडे बघत होते. काट्यावरचा लुगड्याचा तुकडा त्यांनी त्या दिवशी एकदाही उचलला नाही. मी उचलला, आणि चटकन खाली टाकला.

कामोठ्याच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि वर आग ओकणारं ऊन, अशा जागी 'सुंऽऽ' सुरू झालं. मग बॉनेटच्या फटींतून वाफ आली आणि गाडी आचके देत थांबली.

"उतरा! बांदामागं..." सासरे सवयीने ओरडले, दार उघडून चार पावलं पळालेही. मग थबकले. मागच्या सीटवर त्यांची लेक होती. ती उतरू शकत नव्हती.

"बाबा," ती कण्हत म्हणाली, "तुमी जा बांदामागं. मी नाय येत."

ते परत आले. मी बॉनेट उघडून झाकणाकडे हात नेला तसा त्यांनी मला ढकलून दिलं. "मास्तर, सरा बाजूला! या हातानं पोरांना शिकवायचं हाय तुमाला." डोक्याचं फडकं सोडून त्यांनी हाताला गुंडाळलं. दोनदा झाकण पकडीतून निसटलं. ओठ हलत होते. कोणत्या देवाचं नाव घेत होते कोण जाणे. मग त्यांनी डोळे मिटले आणि झाकण फिरवलं.

पाण्याचा उकळता फवारा उसळला आणि त्यांच्या मनगटावर पडला. ते ओरडले नाहीत. डोळे उघडून त्यांनी आधी स्वतःकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. दोघंही जागेवर होते. "फुटलं नाय," ते अतिशय आश्चर्याने म्हणाले.

वाफ विरली तेव्हा मला झाकणाच्या आत पांढरा थर दिसला. खरवडून बोट जिभेला लावलं आणि मी बघतच राहिलो. "मामा, यात पाणी कुठलं भरता तुम्ही?"

सासऱ्यांनी चोरट्या नजरेने मागे बघितलं आणि आवाज खाली आणला. "खाडीचं. हलू बोला."

त्या गावांत प्यायचं पाणी मैलभरावरच्या विहिरीतून डोक्यावर यायचं. गाडी आली त्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, की गाडीच्या पोटात माझ्या हंड्यातला थेंब जाता कामा नये. सासरे त्यांना वाघासारखे भीत. म्हणून ते रोज पहाटे मिठागरात घ्यायच्या पाण्यातलीच कळशी गाडीत ओतत, आणि इंजिन ते पाणी इमानेइतबारे आटवत होतं.

सासूबाईंच्या कानांवर सगळं गेलंच. "अवो!" त्या आतून कडाडल्या. "सारा जनम मीठ पिकवलंत, आन् तुमाला कललं नाय? इंजिनात मिठागर घातलंत!" आणि दुसऱ्याच श्वासात, "मास्तर, हा हंडा घ्या."

मी रेडिएटरची खालची तोटी सोडून खारं पाणी काढून टाकलं. इंजिन जरा निवल्यावर, ते पुन्हा सुरू करून, तांब्या-तांब्याने गोडं पाणी ओतलं. तेही गढूळ पांढरं होऊन तोटीतून बाहेर आलं. हंडा संपला. आत बायकोचा आवाज चढत होता. तेवढ्यात विहिरीवरून परतणाऱ्या बायांची रांग बांधावर दिसली. सासूबाई पदर खोचून रस्त्यात उभ्या राहिल्या. "बायांनो, पोर अडलीय माजी." पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्या तापत्या दुपारी मैलभर चालून आणलेलं पाणी एकीमागून एक हंड्यांतून आमच्या गाडीत रिकामं झालं. एक म्हातारी गाडीच्या तोंडात पाणी सोडताना म्हणाली, "पी गो बाय, पी. नीट ने पोरीला." मग त्या सगळ्या रिकामे हंडे घेऊन पुन्हा विहिरीकडे वळल्या.

आम्ही पनवेलला पोचलो. डॉक्टरांनी बायकोला आत घेतलं आणि "बघू. नाहीच जमलं तर मुंबईला हलवावं लागेल," एवढंच म्हणून दार लावलं.

व्हरांड्यात मी सासूबाईंजवळ बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मामी, इतकी भीती वाटते तर मामांनी गाडी घेतलीच कशाला?"

"हिच्या आधीची एक व्हती आमाला," त्या म्हणाल्या. "चार वरसांची. तापानं फनफनली, म्हनून होडीत घालून पनवेलला डाक्टरकडं निघालो. ओहोटी लागली. होडी चिखलात रुतली. भरती येईस्तो बसून राह्यलो तिला घेऊन." पदराने तोंड पुसत त्या पुढे म्हणाल्या, "त्या दिसापासून यांना वाटेत थांबायचं भ्या. बाकी कशाचं नाय. गाडीला ओहोटी लागत नाय, म्हनून घेतली."

मी उठून बाहेर आलो. अंगणात गाडी धडधडत उभी होती. सासऱ्यांनी ती बंदच केली नव्हती. बंद केली आणि पुन्हा सुरूच झाली नाही तर? बॉनेट उघडं होतं. भाजलेल्या हाताला फडकं गुंडाळून ते दवाखान्याच्या विहिरीतून पाणी शेंदत होते, गाडीत थोडंथोडं ओतत होते, पुन्हा विहिरीकडे जात होते. नर्सने मलम लावायला दोनदा बोलावलं, तर "मंग बगू" म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. मीही पोहरा उचलला. आम्ही दोघं पाणी ओतत राहिलो.

ऊन कलल्यावर सासूबाई दारात आल्या. त्या हसत होत्या आणि रडत होत्या. मी धावत गेलो, ऐकलं, आणि तसाच परत आलो.

"मामा, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

"दोगी?" त्यांनी विचारलं.

"दोघी."

त्यांनी खिडकीतून हात आत घालून इंजिन बंद केलं. मग पायरीवर बसले आणि भाजलेला हात पहिल्यांदाच माझ्यापुढे धरून म्हणाले, "मास्तर, लय आग व्हतेय हो."