बाईंची कार्बन कॉपी

अंबडच्या एका कारखान्यात मी तेव्हा प्रोग्रॅम लिहायचे. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. कुणाचा कॉम्प्युटर अडला की लोक मला बोलावत, आणि खरं सांगते, मला ते मिरवायला आवडायचं. द्वारका चौकाजवळ टायरच्या दुकानावर एका ट्रस्टचं छोटं ऑफिस होतं. हा ट्रस्ट दर हिवाळ्यात मोतीबिंदूचं शिबिर भरवी. तिथल्या डॉक्टरांचा एका रविवारी फोन आला, "यादी उघडत नाहीये, जरा बघून जा."

यादी उघडत होती, पण वाचता येत नव्हती. जुना कॉम्प्युटर जळाला; यादी फ्लॉपीवर होती म्हणून उरली, पण त्यातला मराठी फॉन्ट त्याच्याबरोबर गेला. नव्या कॉम्प्युटरवर पेठ-सुरगाण्याकडची हजारावर माणसं इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा नुसता काला होऊन बसली होती. या सगळ्यांच्या एकेका डोळ्याचं ऑपरेशन आदल्या हिवाळ्यात झालं होतं. दुसऱ्यासाठी त्यांना सांगितलं होतं, "पत्र येईल, तेव्हा या." पत्र गेलं नाही तर ती येणार नव्हती, आणि शिबिराला तीन आठवडे उरले होते.

यादी टाइप केली होती तिथल्या बाईंनी. कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसण्यात त्यांची उमर गेलेली. मी म्हटलं, "बाई, जुन्या फॉन्टमध्ये कुठल्या बटणाला कुठलं अक्षर होतं तेवढं सांगा. मी प्रोग्रॅम लिहिते, सगळं नव्या मराठीत येईल."

"तोंडी नाही गं सांगता येत," त्या म्हणाल्या. "बोटांना विचार."

आली का पंचाईत! मग मी एकेक अक्षर म्हणायचं, त्यांनी खिडकीबाहेर बघत बटण दाबायचं आणि पडद्यावर जे उमटेल ते मी वहीत टिपायचं. मी 'ध' म्हणे, तर त्यांची बोटं दोन बटणं दाबत, आधी अर्धा ध आणि मग काना. असे दोन रविवार गेले. मी वैतागून "बाई, जरा पडद्याकडे बघा ना!" म्हणायचे. त्या हसून माझ्यापुढे चहा सरकवायच्या.

तिसऱ्या रविवारी प्रोग्रॅम चालवला आणि ओळींमागून ओळी स्वच्छ मराठीत उतरल्या. गावं, नावं, डावा डोळा, उजवा डोळा. बाईंनी पडद्यावर बोट ठेवून चार नावं मोठ्याने वाचली. मी तर हवेतच होते. हुशारी अशी की फ्लॉपीवरच्या जुन्या फाइलच्या जागीच मी नवी उतरवली होती. दुसरीकडे कॉपी ठेवायला वेळ कुणाला होता! मग पत्रांसाठी रकाने नीट करायला ती स्प्रेडशीटमध्ये उघडली आणि सेव्ह केली. कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं, मी न वाचताच 'हो' दाबलं. पुन्हा उघडली, तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रश्नचिन्हं!

नेमके तेवढ्यात डॉक्टर आत आले. माझ्या तोंडून निघून गेलं, "फ्लॉपीच खराब होती, सर."

"बाई, निदान फ्लॉपी तरी जपून ठेवायची," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण बोलले. डॉक्टर गेल्यावर बाईंनी पिशवीतून डबा काढला आणि डब्याखालून रुमालात गुंडाळलेली दुसरी फ्लॉपी. "ही घे. कार्बन कॉपी आहे." कोर्टाबाहेर कार्बनशिवाय कागद चढवला नाही म्हणे कधी, मग इथे तरी का चढवतील? यादीत भर पडली की त्या दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घरी न्यायच्या. मी आधी तिची कॉपी केली, मगच हात लावला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. संध्याकाळपर्यंत पत्रं छापून झाली.

शिबिराच्या दिवशी सुरगाण्याकडची एक म्हातारी माझ्याकडे आली. प्लास्टिकच्या पिशवीत आणखी एक पिशवी, तिच्याही आत घडी घातलेलं पत्र. "वाच गं बाय. माझंच नाव हाय ना? गावात सगळी म्हणतात हाय, पर मला वाचता येत नाय." मी वाचलं. नाव, गाव, उजवा डोळा. ती म्हणाली, "आणखी एकदा वाच." मी पुन्हा वाचलं आणि मला रडूच आलं. त्या प्रश्नचिन्हांत हीसुद्धा होती.

मी तडक बाईंकडे गेले. त्या टेबलावर पत्रं तपासत बसल्या होत्या. म्हटलं, "बाई, फ्लॉपी चांगली होती. फाइल मी घालवली. खोटं बोलले मी."

"माहीत आहे मला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "कान लाल झाले होते तुझे."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

त्यांनी पुढचं पत्र हातात घेतलं. "तू रुसून निघून गेली असतीस, तर पत्रं कुणी काढली असती?"