रायपूरच्या स्टेडियमवर भिलाईची मंडळी

आम्ही भिलाईच्या कारखान्यातले तिघं: क्रेन चालवणारा उके, मेश्राम आणि मी. रायपूरच्या मोठ्या स्टेडियमवर मॅच असली की स्कूटर काढून निघतो. परत आल्यावर आमच्या कॉलनीतले, सेक्टर सहामधले लोक स्कोअर विचारत नाहीत. आज काय झालं, एवढंच विचारतात.

*

उकेची नोकरी खालच्या माणसाचे हातवारे बघण्यात गेली. पहिल्याच मॅचला अंपायरनं वाइडसाठी दोन्ही हात पसरले आणि उके ताडकन उभा राहिला.

"असे हात केले म्हणजे क्रेन जागेवर थांबवा लागते," तो म्हणाला. "खाली माणूस असते."

मागचे लोक ओरडले. पण पुढचा बॉल पडेपर्यंत उके काही बसला नाही.

*

एकदा गेटवर मेश्रामचा डबा अडवला. खाण्याचं आत न्यायला मनाई. मेश्रामनं गार्डला शांतपणे विचारलं, "पेट में ले जाना तो मना नहीं है न?"

गार्डनं विचार केला आणि त्याला मनाई नाही म्हणाला. मग तो आणि मेश्राम मिळून डब्यातली सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीरवडी, खात बसले. आम्ही आत पोचलो तोवर ओपनर परतले होते.

*

एकदा शिफ्टवरून थेट गेलो, तर माझ्या हातात कारखान्याचं पिवळं हेल्मेट होतं. एकानं मला स्टेडियमचा माणूस समजून खुर्ची हलते अशी तक्रार केली. मीही वाकून खुर्ची हलवून बघितली आणि "बोल देता हूँ" म्हणालो. तिथंच चुकलं. नंतर मॅच संपेपर्यंत मी खुर्च्याच हलवून बघत होतो.

*

मागच्या वेळी उकेची शिफ्ट बदलली, म्हणून त्याच्या तिकिटावर मेश्रामच्या घरच्या सुलोचनावहिनी आल्या. मेश्रामनं बायकोला कधी आणलं नव्हतं, तुला त्यातलं काय समजतं म्हणायचा. त्या दिवशी ओव्हर म्हणजे काय, ते तो स्कूटरवरूनच समजावत आला. वहिनी ऐकत होत्या.

एक सिक्सर थेट आमच्या रांगेत आला. आम्ही दोघं डोकी धरून खाली वाकलो. वहिनींनी बसल्या जागी बॉल झेलला, उठल्या आणि फेकला. बॉल सरळ बाउंड्रीवरच्या फील्डरच्या हातात. तो बिचारा तळवा झटकत राहिला.

लग्नाआधी वहिनी हँडबॉल खेळायच्या, हे मला तेव्हा कळलं. मेश्रामला माहीत होतं, पण तोही विसरला असावा.

फील्डरनं हात जोडले आणि हसत, बॉलिंगला या, अशी खूण केली.

"बोलावून राहिला तो तुले," मेश्राम हळूच म्हणाला.

वहिनी पदर सारखा करून खाली बसल्या. "सहा वाजता नळ येते," त्या म्हणाल्या. "त्याले सांगा, जमत नाही."