रानटर्कीचा शेवटचा घास

मी आयुष्यात एकदाच शिकारीला गेले, आणि तेही रविवार जाता जात नव्हता म्हणून. जर्मनीत, बॉनच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात मी तेव्हा भाड्याने राहत होते. पीएच.डी.चं दुसरं वर्ष होतं. आठवडा प्रयोगशाळेत निभून जायचा. रविवारी मात्र दुकानं बंद, बस नावालाच, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या शांततेचं कौतुक करणाऱ्या लोकांना तिथे एकटं कोंडावं असं मला वाटायचं.

त्या फेब्रुवारीत माझे बाबा गेले. बार्शीला, भर दुपारी, चहा टाकायला सांगून. मी एकुलती एक. तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अग्नी चुलतभावाने दिला. तुळशीपत्र आणि गंगाजल शेजारच्या काकूंनी तोंडात घातलं. मला बरं वाटावं म्हणून आईने हे सांगितलं, आणि मला काही बरं वाटलं नाही. काकूंचा मला अजून थोडा राग येतो, आणि त्या बिचाऱ्या राग यावा अशा मुळीच नाहीत. लहानपणी आईची शाळा सकाळची असायची, त्यामुळे मला भरवलं ते बाबांनी. त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी माझ्या हातून गेलं नाही, हे काही केल्या गिळवत नव्हतं.

दिवसकार्य उरकून परत आले तेव्हा घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या. "सुट्टी छान झाली ना?" त्यांनी विचारलं. वडील वारले हे जर्मनमध्ये सांगायचं तर वाक्य जुळवावं लागणार, आणि जुळवता जुळवता मला तिथेच रडू फुटणार. "जा, जा," म्हणजे त्यांच्या भाषेत हो, हो, एवढंच म्हटलं आणि बॅग घेऊन वर गेले. मग सांगायची वेळ निघूनच गेली. प्रयोगशाळेतही कुणाला बोलले नाही. फोनकार्ड खरवडायचं, आईशी बोलायचं, कार्ड संपलं की पुन्हा तोंडाला कुलूप.

घरमालकीणबाई सत्तरीच्या, काटक. आधी नवऱ्याबरोबर शिकार करायच्या, तो गेल्यावर एकट्या. त्या जंगलात थोड्या रानटर्की होत्या. कुणीतरी जुन्या काळी अमेरिकेतून आणून सोडलेल्या. वसंतात थोडे आठवडे फक्त नर मारायची परवानगी असे. एप्रिलमध्ये एका शनिवारी त्यांनी दार वाजवलं. गुडघे धरले होते, पक्षी उचलून आणायला माणूस हवं होतं.

"आल्झो, तर मग उद्या पहाटे," त्या म्हणाल्या. "गप्प बसता येतं ना तुम्हाला?"

मला हसूच आलं. दोन महिने मी दुसरं काय करत होते? आमच्या घरात अंडंसुद्धा मागच्या दाराने यायचं, आणि मी शिकारीला हो म्हणून बसले. निदान गाडीत तरी चार शब्द होतील, एवढीच आशा.

कुरणाच्या कडेला लाकडी खोपटं होतं, त्यात दोघी शिरलो. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असं गचगचीत काहीतरी पडत होतं. पावसात टर्की ओरडत नाही, असं त्या कानाशी कुजबुजल्या. झाडांवरून पाणी टपटपत राहतं, त्यात कोल्ह्याची चाहूल लागत नाही. म्हणून पक्षी जंगल सोडून उघड्या कुरणात येतो. आपण नुसतं बसायचं. एवढं सांगून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खोलीत काय आणि खोपटात काय, पळसाला पानं तीनच.

बोटं बधिर झाली. ओल्या लाकडाचा वास नाकात बसला. बाईंनी न बोलता अर्धा पाव पुढे केला, मी न बोलता खाल्ला. शेजारी माणूस असून एकटं वाटतं ना, ते खोलीतल्या एकटेपणापेक्षा वाईट. मला भरवणारे बाबा आठवत राहिले.

मग तो आला. एकटाच. पिसं भिजून अंगाला चिकटलेली, मानपान राहिलेल्या व्याह्यासारखा एकेक पाऊल टाकत. मधेच थांबला, अंग झाडलं, आमच्याच दिशेने बघितलं. परत जा, परत जा, असं मी मनात म्हणत होते. बाईंनी बंदूक कधी उचलली ते कळलं नाही. आवाज झाला आणि तो जागीच आडवा झाला.

आम्ही त्याच्याजवळ गेलो. बाईंनी हिरवी टोपी काढली, जवळच्या झाडाची छोटी डहाळी मोडली आणि माझ्यापुढे धरली.

"याच्या चोचीत ठेवा. शेवटचा घास. आमच्यात देतात. मला वाकवत नाही."

त्यांनी टोपी परत डोक्यावर चढवली. मी चिखलात गुडघे टेकले. चोच उघडली, ती अजून उबदार होती. डहाळी आत ठेवली. आणि मग माझा हात आपोआपच पुढचं करू लागला. शेजारच्या खळग्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी साठलं होतं, त्यातले चार थेंब मी बोटांवरून त्याच्या चोचीत सोडले.

"नाही, नाही," बाई म्हणाल्या. "पाणी देत नाहीत."

"आमच्यात देतात."

"पक्ष्यांना?"

"माणसांना," मी म्हटलं. "माझ्या वडिलांना द्यायचं राहिलं."

वाक्य जुळवावं लागलं नाही. व्याकरण चुकलं असेल, पण ते बाहेर पडलं, आणि त्याच्यामागून दोन महिन्यांचं रडू. मेलेल्या टर्कीपुढे बसून मी लहान पोरीसारखी हुंदके देत होते.

 बाईंनी हळूच विचारलं, "फेब्रुवारीत?"

"जा."

त्यांना जिन्यातला आपला प्रश्न आठवला असावा. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, मला उठवायलाही आल्या नाहीत. फक्त नुकतीच चढवलेली टोपी पुन्हा काढली. माझ्या बाबांना कधी न पाहिलेली ती बाई, मी उठेपर्यंत, उघड्या डोक्याने बर्फात भिजत त्यांच्यासाठी उभी राहिली.