थांबणावळ

माझ्या मामेसासऱ्यांइतका उतावळा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत नाही. असलाच, तर तो मामांच्या आधी येऊन एव्हाना निघूनही गेला असणार. मी साताऱ्यात एका पतसंस्थेचे हिशेब तपासतो, त्यामुळे मोजल्याशिवाय असले विधान मी सहसा करत नाही. पण मामांना मी माझ्या लग्नापासून बघत आलो आहे. खरे तर लग्नाच्याही थोडे आधीपासून म्हटले पाहिजे, कारण पहिल्या मंगलाष्टकाचे पहिले 'सावधान' झाले आणि मामांनी हातातल्या सगळ्या अक्षता एका दमात टाकून टाळ्या वाजवल्या. मांडवातल्या लोकांना वाटले झाले. सगळ्यांनीच टाकल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि गुरुजी उरलेली मंगलाष्टके तोंड पाडून त्या गोंगाटातच म्हणत राहिले. माझ्या हिशेबाने मुहूर्त लागला तेव्हा आमचे लग्न होऊन गेले होते आणि मामा पंगतीला बसले होते.

सांगलीत सोमवार असला तरी मामांच्या भिंतीवरच्या तारखेच्या कॅलेंडरवर मंगळवार असतो, कारण आजचे पान ते चहाबरोबरच फाडतात. एसटीने कऱ्हाड सोडले की ते पिशवी खांद्याला लावून दाराशी उभे राहतात आणि सांगलीपर्यंत तसेच येतात. कंडक्टर ओळखीचे आहेत, ते मामांच्या जागेवर दुसरा माणूस बसवतात. फोन केला की स्वतःचे बोलून झाल्याबरोबर ठेवतात आणि मग उत्तर ऐकायला पुन्हा करतात. हल्ली मोबाइलवर आलेले बोलके निरोप दुप्पट वेगाने ऐकायची सोय झाली आहे, ती बहुधा त्यांच्यासाठीच काढली असावी. तरीही अर्धा निरोप ऐकून ते उत्तर पाठवतात. माझ्या मेव्हणीने एकदा "मामा, बाबांना दवाखान्यात नेलंय, काळजीचं काही नाही, नुसता चष्म्याचा नंबर काढायचाय" असा निरोप पाठवला होता. चष्म्यापर्यंत पोचायच्या आत मामा मिरजेच्या तीन दवाखान्यांत जाऊन आले होते.

त्यांच्या वडिलांची हळदीची अडत होती. हरिपूरला त्यांची पेवे होती. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. एकदा तोंड बंद केले की भाव येईपर्यंत उघडायचे नाही, हाच त्यातला सगळा धंदा. मामा आठवड्याला पेव उघडून बघत. वडिलांनी विचारले तर म्हणाले, "हळद हाय का न्हाई, बघाय नको व्हय?" दोन पावसाळ्यांत दोन पेवे भिजवल्यावर वडिलांनी धाकट्या मुलाला गादीवर बसवले आणि मामांच्या वाट्याची रोकड त्यांच्या हातात दिली.

आता असा माणूस उतारवयात कुठला धंदा काढेल? मामांनी लोकांना थांबायला पैसे पुरवण्याचा काढला.

झाले असे की, हळदीच्या पेठेतल्या एका ओळखीच्या हमालाच्या पायावरून ट्रकचे चाक गेले. नुकसानभरपाईचा दावा कोर्टात लागला. अशा दाव्याला वर्षे लागतात, आणि घरात धान्य तर दर महिन्याला लागते. विमा कंपनीने थोडी रक्कम देऊ केली, हमालाने दुकानदाराची उधारी भागवायला म्हणून सही करून टाकली. तसलाच पाय मोडलेल्या दुसऱ्या एकाने निकालापर्यंत दम धरला, त्याला कितीतरी पट मिळाले. मामा महिनाभर ज्याला त्याला सांगत होते, "दोघांचं हाड एकच. एकाच्या घरात पीठ हुतं, एकाच्या न्हवतं. पायाची किंमत पोटानं ठरवली गड्या."

मग त्यांनी हे सुरू केले. अपघातात जखमी झालेल्या माणसाचा दावा कोर्टात चालू असताना मामा त्याला खर्चापुरते पैसे देणार. दावा जिंकला किंवा तडजोड झाली, तर आलेल्या रकमेतून वकील आधी मामांचे मुद्दल काढून देणार आणि वर दर वर्षाला मुद्दलाचा चौथा हिस्सा. दावा हरला तर मामांचे पैसे गेले. माणसाने एक रुपया परत करायचा नाही. या वरच्या चौथ्या हिश्शाला नाव काय द्यायचे हे मामांनी क्षणात ठरवले. दळणाची दळणावळ, धुण्याची धुणावळ, तशी थांबण्याची थांबणावळ.

मला हे कळले तेव्हा मी रजा टाकून सांगलीला गेलो. बिनपरवाना सावकारी केली म्हणून मामेसासरे आत जाणे आमच्या घराला परवडणारे नव्हते. मामा म्हणाले, "आवं जावईबापू, सावकार घर चढून वसूल करतो. मी हरल्याल्याकडं चहासुदीक मागत न्हाई." हे खरे होते. हप्ता नाही, जामीन नाही, आणि तारण म्हणाल तर एक मोडलेले हाड. तरी मी त्यांना एका वकिलाकडे बसवून रीतसर करार लिहून घ्यायला लावला, आणि त्यात एक कलम हट्टाने घातले: तडजोड करायची की थांबायचे, हे जखमी माणसानेच ठरवायचे. पैसे देणाऱ्याने त्यात तोंड घालायचे नाही. मामांनी करार नेहमीप्रमाणे शेवटच्या पानापासून वाचला, सही केली, आणि ते कलम त्यांना पुढे दोन वर्षांनी समजले.

ते समजले माधवनगरच्या अक्कांमुळे. अक्कांची तिथे खानावळ. अक्का गिरणीतून जोंधळ्याचे पीठ घेऊन येत होत्या, मागून टेंपोने उडवले आणि उजवे मनगट मोडले. रोज दोनशे भाकऱ्या थापणारा हात. तो वाकडा जुळला, मूठ मिटेना, गिऱ्हाईक गळायला लागले. दावा लावला होता. कंपनीने दवाखान्याचे बिल भागेल एवढीच रक्कम देऊ केली होती, आणि खानावळीचे भाडे थकले होते. मामी आजारी असत, म्हणून मामा जेवायला तिथेच जात. डाव्या हाताने थापलेली अक्कांची भाकरी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला भोकाची असे. मामा ती मुकाट्याने खात, म्हणजे बघा.

त्यांचा व्यवहार माझ्यासमोर झाला. मामांनी तीनच गोष्टी विचारल्या: चूक कुणाची होती, टेंपोला विमा आहे का, आणि वकील काय म्हणतो. मग अक्कांनी विचारले, "हरले तर?"

"हरलीस तर माझं गेलं."

"आन जिंकले तर वर्साला चौथाई? लय घेता की मामा."

"लयच घेतो. चार जणांत एक बुडतो, त्येचं कोण भरणार? म्हनून सांगतो, लागंल तेवढंच उचल. भाड्यापुरतं घे, पिठापुरतं घे. जास्ती घेतलंस तर निकालाच्या दिवशी सगळं मीच घिऊन जाईन आन तू बसशील माझ्या नावानं बोटं मोडत."

"मोडाय बोटं वळाय तर पायजेत," अक्का म्हणाल्या, आणि डाव्या हाताचा अंगठा उठवला.

इथपर्यंत हिशेब बसत होता. मग मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितले की ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी घातली तर हात बराच सुधारेल. अक्का म्हणाल्या, निकालानंतर बघू. मामा म्हणाले, उद्या. मी त्यांना बाजूला घेऊन कागदावर मांडून दाखवले. भरपाई ठरते ती हात किती निकामी झाला यावर. हात सुधारला की निकामीपणाचा टक्का कमी, टक्का कमी की रक्कम कमी, आणि ऑपरेशनचा खर्चही मामांचाच. म्हणजे मामा स्वतःच्या पैशाने स्वतःचे येणे कापून घेणार. मामांनी कागद उलटा धरून पाहिला.

"निकाल कवा?"

"दोन वर्षं तरी."

"तवर हात वाकडाच ठेवायचा?"

"हिशेबाने तसंच येतं."

"मग तुमचा हिशेब थांबंल तिकडं," मामा म्हणाले. "मला न्हाई जमत." आणि रिक्षाला हात केला.

ऑपरेशन झाले. त्यानंतर मामा अक्कांना रोज फोन करून "मूठ मिटती का?" एवढे विचारत आणि ठेवून देत. उत्तरासाठी दुसरा फोन. डॉक्टरांनी हाताला व्यायाम सांगितला होता. अक्कांनी चेंडू दाबण्याऐवजी पीठ मळायला घेतले. हळूहळू उजव्या हाताच्या भाकऱ्या सुरू झाल्या. आधी पुरीएवढ्या, मग ताटलीएवढ्या.

अशात दावा लोकअदालतीत ठेवला गेला. अक्कांना जास्त रक्कम हवी होती, आणि मामांना आज हवी होती. पण कलम होते. तोंड घालायचे नाही, हे मी त्यांना कोर्टाच्या फाटकाशी पुन्हा वाचून दाखवले. मामांनी विचार केला, माझ्या हातातली बाटली घेतली आणि तोंडात पाण्याची गुळणी धरली. आमचा नंबर दुपारनंतर आला. तोवर गुळणी गिळली जाई आणि मामा बोट दाखवून बाटली मागत. तेवढ्यात ते तीनदा मुतारीलाही जाऊन आले, तेही गुळणी धरूनच.

टेबलामागे बसलेल्या न्यायाधीश बाईंनी फुगलेल्या गालांकडे पाहून विचारले, "हे कोण?"

मामांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी म्हणालो, "मामेसासरे."

"अर्जदारांचे?"

"नाही, माझे."

"मग तुम्ही कोण?"

मी पिशवीतून करार काढायला लागलो. अक्काच म्हणाल्या, "बाई, हे माझी थांबणावळ हायेत. बसू द्या."

कंपनीचा वकील तरुण आणि गोड बोलणारा होता. त्याने जुनी रक्कम थोडी वाढवून सांगितली, अक्कांनी नकारार्थी मान हलवली. मग त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, "आता भाकऱ्या थापता का हो, मावशी?"

"थापते थोड्या," अक्का म्हणाल्या.

माझ्या शेजारी घोट गिळल्याचा मोठा आवाज झाला. "थोड्या कसल्या?" मामा म्हणाले. "काल साठ थापल्या. आन सगळ्या फुगल्या."

त्यांच्या चेहऱ्यावर मुलगी पहिली आल्याचा आनंद होता. वकिलाने ते लगेच लिहून घेतले. आमच्या वकिलांनी कपाळ धरले. मी मनात त्या वाक्याची किंमत काढली. मामा आयुष्यात इतके महाग कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर ते त्यांच्याही ध्यानात आले असावे, कारण त्यांनी बाटली मागितली आणि मी ती दिली नाही.

अक्का मामांकडे बघत होत्या. मग बाईंकडे वळल्या. "खरं हाय. साठ थापल्या. आदी दोनशे व्हायच्या. आन साठाव्या भाकरीला हात असा कापाय लागला की तवा उतरवाय शेजारणीला हाक मारली. रातभर हात उशाला धरून बसले. मामा भाकरी बघत हुते बाई, हात कुठं बघतायत."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि कंपनीच्या वकिलाला बाहेर जाऊन साहेबांशी बोलून यायला सांगितले. तो परत आला तेव्हा रक्कम पहिल्या आकड्याच्या तिपटीजवळ गेली होती. आमच्या वकिलांना अजून ताणायचे होते. अक्कांनी मला विचारले, "सगळ्यांचं देऊन माझ्या हातात काय ऱ्हातं?" मी कागदावर मांडून दाखवले. त्या म्हणाल्या, "ह्यात हाताखाली एक बाई ठिवता येती आन भाडं बी निघतं. बास झालं. सही कुठं करू?" सही त्यांनी उजव्या हाताने केली. जरा वाकडी आली, पण आली.

मामांचा हिशेब मीच केला. भाड्या-पिठाच्या पैशांवर दीड वर्षाची थांबणावळ त्यांनी पुरती घेतली, सोडली नाही. पण ऑपरेशनच्या पैशांचे नुसते मुद्दल घेतले. मी फोनवर कारण विचारले तर म्हणाले, "त्यात मी थांबलो कुठं? थांबलो असतो तर थांबणावळ." मी त्यांना सांगायला गेलो की बुडालेले दावे धरता एवढ्यापेक्षा बँकेत मुदतठेव बरी पडली असती, पण तोवर त्यांनी फोन ठेवला होता, आणि उत्तर ऐकायला पुन्हा काही केला नाही.

मामी गेल्यावर मामांनी नवे दावे घेणे बंद केले. गुडघेही गेले. गेल्या महिन्यात मी सांगलीला गेलो तर ते दाराशी खुर्चीत बसले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार दिवसांपूर्वीची तारीख होती. मी पान फाडायला हात घातला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, हाय तितं हाय." इकडचे तिकडचे बोलणे झाले. जेवणाचा डबा अक्कांकडून येतो, हाताखालची बाई आहे तरी मामांच्या भाकऱ्या अक्का स्वतः थापतात आणि स्वतः आणून देतात, असे त्यांनी सांगितले. साडेबाराच्या गाडीची वेळ झाली म्हणून मी पिशवी उचलली. एरवी याच माणसाने मला तासभर आधी स्टँडवर पिटाळले असते.

"थांबा की," मामा रस्त्याकडे बघत म्हणाले. "एवढी काय घाई? भाकरी येतीय. गरम खाऊन जावा, फुडची गाडी हाय."

यात थांबणावळ कुणी कुणाला द्यायची, हे मी विचारले नाही. पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.